हनुवटीचा बधिरपणा आणि कवटीच्या तळातले छिद्र : एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

मी रेडिओलॉजिस्ट आहे. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी पाहून अहवाल लिहिणे हे माझे काम. कर्करोगावर किरणांचा उपचार करणारे डॉक्टर वेगळे असतात. त्यांना किरणोपचारतज्ज्ञ किंवा रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट म्हणतात, आणि त्यांच्या उपचाराला आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘शेक’ म्हणतात. दोघांच्या नावांची सुरुवात सारखी असल्यामुळे रुग्णांचे नातेवाईक आम्हांला पुष्कळदा एकाच खात्याचे समजतात. खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही दोघे एकाच रस्त्यावर, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर काम करतो. तरीही बरीच वर्षे आमची ओळख एकमेकांच्या सहीपुरती होती. मी अहवाल पाठवायचा आणि त्यांनी तो फाइलला लावायचा, एवढाच आमचा व्यवहार. पुढे दिलेल्या प्रकरणात तो अहवाल पुरा पडला नाही, आणि तो मीच लिहिलेला होता. रुग्णाची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

रुग्ण आणि पहिला अहवाल

रुग्ण 47 वर्षांचे, अमळनेर तालुक्यात कपाशी आणि ज्वारी करणारे शेतकरी. वीस-बावीस वर्षे तंबाखू-चुना, मधली काही वर्षे गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण त्यांना तो कधी मिळाला नाही असे झाले नाही. डाव्या बाजूला खालच्या अक्कलदाढेच्या मागे न भरणारी जखम झाली, तोंड पूर्ण उघडेना, ज्वारीची भाकरी कालवणात भिजवून खाण्याची वेळ आली, तेव्हा ते दवाखान्यात आले. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण निघाले. त्यामुळे असा रुग्ण आमच्याकडे रोजचाच, आणि या ‘रोजचाच’ असण्यात एक धोका दडलेला असतो.

माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, वय, रोगाची जागा आणि ‘चेहरा व मान, कॉन्ट्रास्ट सीटी’ एवढाच मजकूर होता. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून देतात ते, चित्रात उजळणारे औषध. मी सुमारे 4 सेंटिमीटरची गाठ, खालच्या जबड्याच्या हाडाची झालेली झीज आणि जबड्याखालच्या दोन संशयास्पद लसिका ग्रंथी लिहिल्या. जबड्याच्या मागे-वर, चावण्याचे स्नायू ज्या कप्प्यात असतात त्या मॅस्टिकेटर स्पेसविषयी ‘मुक्त’ असा एक शब्द लिहिला. त्या दिवशी ते मला खरोखरच तसे दिसले होते.

शस्त्रक्रिया चांगली झाली. गाठीसह जबड्याचा डावा भाग काढला, मानेतील ग्रंथी काढल्या, आणि छातीवरचा पेक्टोरॅलिस मेजर स्नायू कातडीसह वर वळवून गालाची पोकळी भरली. पॅथॉलॉजीच्या अहवालात गाठीची खोली 14 मिलिमीटर, हाडात शिरकाव, कडा मोकळ्या आणि एका ग्रंथीत रोग अशी नोंद होती. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘मज्जातंतूभोवती रोगाचा शिरकाव आहे’ असेही लिहिले होते. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागतात, आणि ते शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा नियम आहे. ठरलेला आराखडाही नेहमीचा होता : 30 दिवसांत 60 ग्रे, सोमवार ते शुक्रवार, रोज 2 ग्रे. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक.

सत्ताविसाव्या दिवसाचा सीटी

किरणोपचाराआधी एक स्वतंत्र सीटी करतात. रुग्णाच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी बसवतात. ती थंड झाली की चेहऱ्याच्या आकाराचा कडक मास्क तयार होतो आणि पुढचे सगळे आठवडे रुग्णाला तोच लावून मशीनखाली झोपवतात. या सीटीवर किरणोपचारतज्ज्ञ एकेका छेदावर, म्हणजे चित्राच्या एकेका पातळ कापावर, माउसने रेषा काढतात. किरण कुठे पोचायचे आणि कुठे पोचता कामा नयेत, हे त्या रेषांनी ठरते. या कामाला कॉन्टूरिंग म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या सत्ताविसाव्या दिवशी हा सीटी झाला आणि तिसाव्या दिवशी संध्याकाळी किरणोपचारतज्ज्ञ मॅडमचा मला फोन आला.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की डावीकडचा लॅटरल टेरिगॉइड हा चावण्याचा स्नायू उजव्यापेक्षा जाड दिसतो आहे, आणि हा शस्त्रक्रियेचा परिणाम की आणखी काही, हे त्यांना एकट्याने ठरवता येत नव्हते. दुसरी गोष्ट त्यांनी रुग्णाकडून काढली होती. त्यांनी हनुवटीवरून कापसाचा बोळा फिरवला, तेव्हा डाव्या बाजूला काहीच कळले नाही. यात नवल नव्हते, कारण शस्त्रक्रियेत जबड्यातील मज्जातंतू कापलाच जातो आणि त्यानंतर हनुवटी बधिर असतेच. म्हणूनच ऑपरेशननंतर ही तक्रार कोणी मनावर घेत नाही. पण मॅडमनी पुढे विचारले, की हे ऑपरेशनच्या आधीपासून होते का. रुग्ण म्हणाले, “व्हयं. दिवाळीपासून. दाढी करताना पातं लागस, पण माले समजत नही.” शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली होती. म्हणजे चार-पाच महिने आधी, जबडा शाबूत असतानाच, हनुवटीची जाणीव गेली होती.

हे वाक्य माझ्या चिठ्ठीवर असते, तर मी तो सीटी वेगळ्या नजरेने वाचला असता. हनुवटीची जाणीव नेणारा तंतू खालच्या जबड्याच्या हाडातून मागे जातो, तेथून वर चढून मॅंडिब्युलर मज्जातंतूला मिळतो, आणि तो मज्जातंतू कवटीच्या तळातील फोरॅमेन ओव्हाले या लंबगोल छिद्रातून कवटीच्या पोकळीत शिरतो. तिथे मेकेल्स केव्ह नावाच्या छोट्या कप्प्यात ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या मुख्य मज्जातंतूची नैसर्गिक गाठ (गँग्लिऑन) असते आणि तिच्या मागे थेट मेंदूचा दांडा. कर्करोग या तंतूला धरून वेलीसारखा वर चढू शकतो. वाटेत गाठीचा गोळा दिसेलच असे नाही, कधीकधी तंतू जाड झालेला दिसतो आणि एवढाच पुरावा मिळतो. सीटीत हाडाचे छिद्र रुंदावलेले दिसते ते उशिरा. त्याआधी छिद्राखालची इवलीशी चरबी धूसर होते, आणि ती शोधायची असेल तरच सापडते.

त्या रात्री मी जुना सीटी पुन्हा उघडला. डावीकडची ती चरबी 2.5 मिलिमीटरच्या दोन छेदांवर उजवीपेक्षा मळकट होती. छिद्र दोन्हीकडे सारखेच होते. मी लिहिलेला ‘मुक्त’ हा शब्द चुकीचा होता.

एमआरआय

दुसऱ्याच दिवशी एमआरआय ठरवला आणि त्याची पद्धत आम्ही दोघांनी मिळून ठरवली. हे मुद्दाम नोंदवतो, कारण नेहमीचा ‘चेहरा व मान’ एमआरआय 5 मिलिमीटरच्या छेदांनी झाला असता आणि या प्रश्नाला त्याचा उपयोग झाला नसता. आम्ही कवटीच्या तळाचे 3 मिलिमीटरचे छेद घेतले. चरबीचा उजळपणा न दाबता टी1 हा एमआरआयचा प्रकार घेतला, कारण त्यात छिद्राखालची चरबी पांढरी आणि तंतू काळसर दिसतो. कॉन्ट्रास्टनंतरचे छेद डिक्सन पद्धतीने घेतले, कारण सायनसमधील हवा आणि दातांतील धातू यांच्याजवळ चरबी दाबण्याची साधी पद्धत नेमकी इथेच फसते.

चित्र स्पष्ट होते. डावा मॅंडिब्युलर मज्जातंतू उजव्याच्या दुपटीहून जाड झाला होता, कॉन्ट्रास्टने उजळला होता, फोरॅमेन ओव्हालेतून वर गेला होता आणि मेकेल्स केव्हचा खालचा भाग त्याने व्यापला होता. शेजारच्या कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळीच्या भिंती दोन्हीकडे सारख्या होत्या. पॅथॉलॉजीच्या अहवालात कडा मोकळ्या होत्या हे खरेच होते, पण ज्या कडा तपासल्या त्यांच्याही वर, सर्जनची सुरी जिथे पोचतच नाही तिथे, रोग शिल्लक होता. 60 ग्रेचा जुना आराखडा या छिद्राच्या खालीच संपत होता.

पडद्यासमोरची पन्नास मिनिटे

तेहतिसाव्या दिवशी मी त्यांच्या विभागात गेलो. अशा वेळी आमच्याकडे टेलिफोनवर ‘वरपर्यंत गेले आहे, तुम्ही कव्हर करा’ एवढे बोलून विषय संपवण्याची पद्धत आहे. पण ‘वरपर्यंत’ हा शब्द कॉन्टूरिंगच्या पडद्यावर काढता येत नाही. तिथे रेषा काढावी लागते, आणि रेषा 5 मिलिमीटर इकडची तिकडे झाली तर एकतर रोग सुटतो किंवा मेंदूचा दांडा भाजतो.

पहिली अडचण चित्रे जुळवण्याचीच निघाली. नियोजनाचा सीटी मास्क लावून, तोंडात लाकडी बाइट (दातांत धरायचा ठोकळा) ठेवून केला होता. मास्क एमआरआयच्या कॉइलमध्ये बसत नाही, म्हणून एमआरआय त्याशिवाय केला होता. संगणकाने दोन्ही चित्रे आपोआप एकमेकांवर बसवली, ती दिसायला ठीक होती. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीचा हाडातील मार्ग सीटीवर एका जागी आणि एमआरआयवर त्याच्या बाजूला सुमारे 4 मिलिमीटरवर दिसत होता. संगणकाने मान आणि जबडा धरून जुळणी केली होती, आणि या दोन तपासण्यांमध्ये जबड्याची स्थितीच वेगळी होती. आम्ही चौकट फक्त कवटीच्या तळापुरती लहान करून पुन्हा जुळवले, तेव्हा धमनी धमनीवर बसली. मॅडम मला म्हणाल्या, “सर, ही धमनी मी रोज बघते, पण जुळणी तपासायला ती वापरायचं मला सुचलं नव्हतं.” मला मात्र बाइट ठेवला होता हेच माहीत नव्हते. कोणाकडे काय नव्हते, ते शेजारी बसल्यावरच कळते.

दुसरा मुद्दा माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. मी पोचण्यापूर्वी मॅडमनी गाठीची रेषा काढून ठेवली होती. तीत जाड तंतू तर होताच, शिवाय डावीकडचे दोन्ही टेरिगॉइड स्नायू आणि कानशिलाच्या टेम्पोरॅलिस स्नायूचा खालचा भागही होता. एमआरआयवर हे स्नायू सुजलेले, टी2 वर पांढरे आणि कॉन्ट्रास्टने उजळलेले दिसत होते, त्यामुळे ते रोगाचे समजणे अगदी स्वाभाविक होते. पण मॅंडिब्युलर मज्जातंतू चावण्याच्या सर्व स्नायूंना चालवतो, आणि तो तंतू निकामी झाला की ते स्नायू पहिल्या काही आठवडे-महिन्यांत असेच सुजतात आणि उजळतात; पुढे वाळून त्यांत चरबी भरते. मी टेम्पोरॅलिस थेट कानशिलापर्यंत वर सरकवत दाखवला. तिथे, गाठीपासून कितीतरी दूर, तो स्नायू तितकाच पांढरा होता आणि त्याच्या तंतूंची पिसासारखी रचना कुठेही मोडलेली नव्हती. कर्करोग असा साऱ्या स्नायूभर एकसारखा, रचना न मोडता पसरत नाही. शेजारचे, दुसऱ्या मज्जातंतूवर चालणारे घशाचे स्नायू मात्र अगदी नेहमीसारखे होते.

मॅडमनी काही क्षण दोन्ही बाजू पाहिल्या आणि सर्वांत जास्त डोसच्या रेषेतून ते स्नायू काढून टाकले. त्यांची जागा मधल्या डोसच्या क्षेत्रात राहिली, कारण तंतू त्यांच्या मधूनच जातो. पण हा बदल लहान नव्हता. चावण्याच्या सगळ्या स्नायूंना पूर्ण डोस मिळाला असता, तर आधीच दोन बोटे उघडणारे तोंड आणखी आवळले असते. रोग सुटू नये म्हणून किरणोपचारतज्ज्ञ रेषा मोठी काढतात, हा त्यांचा दोष नव्हे. ती किती मोठी असावी याचे उत्तर प्रतिमेत असते, आणि ती प्रतिमा वाचण्यासाठीच माझी विद्या आहे. मी ‘स्नायूंमध्ये कॉन्ट्रास्टने उजळणारा बदल’ एवढेच लिहून घरी बसलो असतो, तर माझ्याच वाक्याने ती रेषा मोठी झाली असती.

तिसऱ्या मुद्द्यावर मी चुकत होतो. डाव्या मानेत गळपट्टीच्या हाडावरून वर येणारा एक जाड पट्टा मला संशयास्पद वाटत होता. मॅडमनी ऑपरेशनची नोंद उघडली. छातीवरून गालाकडे वळवलेल्या स्नायूचा तो देठ होता. नोंद माझ्याकडे कधी येतच नाही, मी चित्रावरून अंदाज करतो. नोंद न पाहता अहवाल गेला असता, तर रुग्णाला एक विनाकारण सुई टोचली गेली असती आणि आठवडाभराची वाट पाहावी लागली असती.

नवीन आराखडा 35 दिवसांचा झाला. दिसणाऱ्या रोगाला 70 ग्रे, शस्त्रक्रियेच्या जागेला आणि तंतूच्या वाटेला 63, मानेच्या कमी धोक्याच्या भागाला 56 ग्रे. मेकेल्स केव्हच्या मागे मेंदूच्या दांड्यापर्यंतचा तंतू कमी डोसच्या क्षेत्रात घेतला आणि दांड्याला 54 ग्रेहून अधिक जाणार नाही अशी मर्यादा घातली. डाव्या टेम्पोरल लोबचे, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाचे, टोक मात्र वाचवता येत नव्हते, कारण तंतू त्याला खेटून जातो. ते आम्ही दोघांनी जाणून स्वीकारले, आणि रुग्णाला व त्यांच्या पत्नीला चित्र दाखवून समजावून सांगितले. सोबत दर आठवड्याला शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर 40 मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध द्यायचे ठरले.

उपचार चाळिसाव्या दिवशी सुरू झाले. मध्येच आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. दोन्ही मुली माहेरी येणार म्हणून रुग्णाने तीन दिवसांची सुट्टी मागितली. उपचारात खंड पडला की उरलेल्या पेशी वाढतात, हे मॅडमनी त्यांना सांगितले आणि सणाच्या दिवशी सकाळचा पहिला नंबर दिला. दुपारच्या आत ते गावी पोचले. मेच्या उन्हात, तोंड आलेले असताना, अमळनेरहून रोजची ये-जा झेपेना, तेव्हा शेवटचे तीन आठवडे ते शहरात भाच्याकडे राहिले. वजन 6 किलोने घटल्यामुळे चौथ्या आठवड्यात मास्क सैल झाला आणि सीटी व नियोजन पुन्हा करावे लागले. सातपैकी सहा सिस्प्लॅटिन झाली. 35 दिवसांचे शेक मात्र एकही न चुकवता पूर्ण झाले.

व्यवस्थेविषयी थोडे

ट्यूमर बोर्ड, म्हणजे एकेका रुग्णावर वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र चर्चा करण्याच्या बैठका, आता लहान शहरांतही होऊ लागल्या आहेत, आणि टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे दूरच्या तज्ज्ञांशी पडद्यावर चर्चा करणेही शक्य झाले आहे. ही मोठी सोय आहे. पण बोर्डात ‘किरणोपचार द्यायचे का’ हे ठरते. ‘नेमके कुठे’ हे नंतर, कॉन्टूरिंगच्या खोलीत, बहुधा एकच माणूस ठरवतो. रेडिओलॉजिस्टला तिथे कोणी बोलावत नाही, आणि बोलावले तरी दिवसभरातल्या साठ तपासण्या टाकून तो कसा जाणार, हा प्रश्न खराच आहे. त्या पन्नास मिनिटांचे बिल कोणत्याच नोंदवहीत बसत नाही. मला वाटते ते बसले पाहिजे. रुग्णाच्या सात आठवड्यांच्या उपचाराची दिशा ज्या तासात ठरते, तो तास फुकटच्या ओळखीवर अवलंबून राहू नये.

दुसरी अडचण पिशवीची. आमच्या भागातले रुग्ण पिवळ्या-गुलाबी प्लास्टिकच्या पिशवीत फिल्मा घेऊन गावोगाव फिरतात. फिल्मवर निवडक छेद असतात आणि त्यांवरून जुळणी करता येत नाही. त्यासाठी डायकॉम स्वरूपातला मूळ डेटा लागतो. आम्ही आता कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला सीडी किंवा पेनड्राइव्ह सोबत देतो आणि अहवालात महत्त्वाच्या छेदाचा मालिका क्रमांक व प्रतिमा क्रमांक लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला ‘वरपर्यंत’ म्हणजे कुठपर्यंत हे शोधत बसावे लागत नाही. तपासणीच्या चिठ्ठीवरही एक ओळ छापली आहे : चेहऱ्यावर कुठे बधिरपणा, मुंग्या किंवा वेदना आहे का, आणि ती ऑपरेशनच्या आधीपासून आहे का.

नंतरच्या तपासण्या

उपचारानंतर तीन महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये तंतू बारीक झाला होता, पण थोडा उजळत होता. पूर्वी मी ‘अवशिष्ट रोग नाकारता येत नाही’ असे लिहिले असते. हे वाक्य रेडिओलॉजिस्टला सुरक्षित ठेवते, पण रुग्णाची झोप उडवते. किरणोपचारानंतर मज्जातंतू कित्येक महिने उजळत राहू शकतो, म्हणून मी जाडी मिलिमीटरमध्ये दिली, आधीच्या चित्राशी तुलना दिली आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे असे लिहिले. सहाव्या आणि बाराव्या महिन्यातही ती जाडी वाढली नाही.

एकोणिसाव्या महिन्यात डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या टोकाला एक नवीन उजळणारा ठिपका आणि भोवती सूज दिसली. रोग मेंदूत शिरला, असा अहवाल द्यायला दोन मिनिटे लागली असती. मी अहवाल थांबवला आणि मॅडमकडे डोसचा नकाशा मागितला. त्यांनी तो एमआरआयवर बसवून पाठवला. ठिपका 65 ग्रेच्या रेषेच्या आत होता, म्हणजे पडद्यासमोर बसून आम्ही ज्या टोकाला वाचवता येणार नाही असे मान्य केले होते, तेच ते टोक. खालचा तंतू तसाच बारीक होता आणि फोरॅमेन ओव्हालेखालची चरबी पुन्हा स्वच्छ पांढरी दिसत होती. परफ्यूजन एमआरआयमध्ये ठिपक्यातील रक्ताचे प्रमाण वाढलेले नव्हते. रुग्णाला डोकेदुखी, झटके किंवा विसरभोळेपणा, काहीच नव्हते. आम्ही दोघांनी एकाच अहवालाखाली सही करून ‘किरणोपचाराचा परिणाम, रोग परतल्याची शक्यता कमी’ असे लिहिले आणि आठ आठवड्यांनी पुन्हा तपासले. सूज निम्मी झाली होती, ठिपका वाढलेला नव्हता.

तोंड आता अडीच बोटे उघडते. या हंगामात त्यांनी कपाशी थोडी कमी लावली आणि उरलेले शेत भावाला वाट्याने दिले. दाढी ते आरशात पाहूनच करतात. हनुवटीची जाणीव परत येणार नाही, हे मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. पुढचा एमआरआय जुलैत आहे, आणि त्याच्या चिठ्ठीसोबत डोसचा नकाशा आधीच माझ्याकडे येऊन पडला आहे.